चंदाचं पाणी

“इथंच थांबव,” रुख्मा म्हणाली आणि सफारीच्या जिप्सीतून उतरायला तिनं पाय बाहेर टाकला. गाईड लोकेशनं तिचा दंड धरला.

“काकी, उतरता येत नाही. नियम हाय.”

“माह्या गावात मलेच नियम सांगून राहिला काय गा?”

लोकेश तिचा सख्खा पुतण्या. समोरच्या गवतात त्याचंही घर होतं. वाघांना शांतता हवी म्हणून बारा वर्षांपूर्वी अख्खं गाव उठवलं आणि जंगलाबाहेर गोरेगावच्या बाजूला नेऊन बसवलं. आता त्याच शांततेत रोज सकाळी गाड्या भरभरून माणसं येतात. रुख्माला आज स्वतःच्या गावात शिरायला गेटवर आधार कार्ड दाखवावं लागलं होतं.

चाळीस पावलांवर मोहाचं झाड होतं. त्याच्याखाली तिची लेक चंदा पुरलेली. चार वर्षांची, तापानं गेलेली. आज अक्षय तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावानं आज पाणी द्यायचं. बारा वर्षं रुख्मानं ते नव्या घराच्या अंगणात ओतलं. पण नवं घर चंदाला कुठं माहीत? पोरगी तहानलेली असेल, या एकाच विचारानं म्हातारीचा जीव तुटायचा. म्हणून ती पदराखाली पाण्याचं बोळकं घेऊन आली होती.

लोकेशनं मागंपुढं पाहिलं. दुसरी गाडी नव्हती. त्यानं दंड सोडला. “जा. पण लवकर ये.”

“वाघीण!” मागच्या सीटवरचे नागपूरचे साहेब कुजबुजले.

गवतातून वाघीण आली. मागं दोन पिल्लं. ती सरळ मोहाखाली गेली आणि सावलीत आडवी झाली. पिल्लं तिच्या पोटाशी घुसली. कॅमेरे खटखटू लागले.

“नशीब काढलंत आजी,” साहेब खुशीत म्हणाले. “पहिल्याच खेपेला दर्शन!”

रुख्मानं बाहेरचा पाय आत घेतला. बोळकं दोन्ही हातांत धरून बसून राहिली. पाव तास गेला, अर्धा तास गेला. वाघीण हलेना. गेट बंद व्हायची वेळ झाली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते पुसायचंही भान तिला राहिलं नाही.

लोकेशला ते बघवेना. नोकरी गेली खड्ड्यात, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि ड्रायव्हरच्या कानाशी वाकला. “दुर्गाप्रसाद, जोरात हॉर्न दे. ते उठली का मी जाऊन पाणी ओततो.”

दुर्गाप्रसादनं हात पुढं केला. रुख्मानं मागून वाकून त्याचं मनगट घट्ट धरलं.

“नोको उठवू गा. लेकरावाली हाय ते. मले उठवलं तवा माहंबी लेकरू इथंच होतं.”