वीतभर वर

लेक नोकरीसाठी दूर गेली आणि तिचा पाळलेला सरडा बापाच्या गळ्यात पडला. "गारठला की काळा पडतो, लक्ष ठेवा," तिनं बजावलं होतं. पाठीवर काळं दिसताच बापानं पिंजऱ्यातला उबेचा दिवा खाली घेतला. डाग वाढला, तसा दिवा आणखी खाली आला. शेवटी चैन पडेना, म्हणून त्यानं दवाखाना गाठला. "काका, हा गारठा नाही, भाजलंय त्याला," मलम लावत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चटका बसला तरी हा ऊब सोडत नाही. दिवा एवढा जवळ नको, वीतभर वर टांगा." घरी येऊन बापानं दिवा वर टांगला. मग सवयीनं लेकीला फोन लावला. सकाळपासूनचा एकही तिनं उचलला नव्हता. या वेळी रिंग वाजत असतानाच त्यानं फोन स्वतःच कापला आणि स्टुलावर चढून कपाटावर ठेवला. दुपारभर येरझाऱ्या घातल्या. फोन आपणहून वाजला, तेव्हा स्टूल सापडेना.