थोपटणारी बोटं

मृण्मयीच्या हातावर मुलाखतीचा हातमोजा चढला. सॉफ्टवेअरचा सगळा कोड यंत्रंच लिहू लागल्यापासून, रोज स्वतः लिहिणारे सीनियर इंजिनिअर शोधायला हा मोजा बोटांची सवय वाचत असे.

"बाळंतपणाच्या रजेतही एक दिवस खाडा नाही?" मोज्याची नोंद बघून मुलाखत घेणारे पेंढारकर सर थक्क झाले. "लिहायचात कधी?"

"ओवीला झोपवताना," ती ओशाळली. "तिच्या पाठीवरच टाइप करायचे."

"मग पोरगी झोपायची की कंपाइल व्हायची?" सर खदखदून हसले.

नोकरी मिळाली. घरी येताच तिने लेकीला मांडीवर घेतलं. आज नुसतं थोपटायचं, मनात दुसरं काही आणायचं नाही. पण ओवी रडून लालबुंद झाली. शेवटी बोटं पाठीवर टकटक धावू लागली, तशी ती शांत झोपली.

मृण्मयीला डोळे पुसायचे होते. पण हात थांबला असता, तर ओवी जागी झाली असती.