भुणभुण

गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून भुणभुण सुरू झाली. सत्यशीलानं माउसवरचा हात उचलला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अहो, पाहा न जी. कावून असा आवाज येऊन राहिला?"

जानराव पेपर घेऊन बसले होते, पण वाचत नव्हते. ते लगेच उठले.

पुढच्या खोलीत कम्प्युटरसमोर दोन खुर्च्या लावलेल्या होत्या. एकीवर त्यांची बायको, दुसरीवर मोहन नगरचा प्रवीण. रेल्वेत नोकरी, हार्मोनियमचा नाद. बुद्धपौर्णिमेला विहारात सत्यशीला गाणार होती आणि प्रवीण साथीला बसणार होता. काल तालमीत म्हटलेलं गाणं त्यानं मोबाइलवर घेतलं होतं. तेच कम्प्युटरवर टाकून सूर कुठे हलतो ते ऐकायचं होतं.

टेबलावर पोह्यांच्या दोन प्लेटा होत्या. सकाळी जानरावांनीही हेच पोहे खाल्ले होते. त्यांच्या प्लेटीत शेव नव्हती.

"सत्यशीलाताईचा आवाज मोबाइलवर समजतच नाही, दादा," प्रवीण म्हणाला. "मोठ्या स्पीकरवर आयका लागते."

सत्यशीलाताई. पहिल्या रविवारी घरी आला तेव्हा तो वहिनी म्हणत होता. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण जानरावांनी हे नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मुलगा रायपूरला नोकरीला गेला, तरी घरात ती विक्कीची आईच होती.

जानराव टेबलाशी वाकले. प्लांटमध्ये चौतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स करत आलेला माणूस. त्यांनी स्पीकरची पिन कम्प्युटरमधून उपसली. भुणभुण थांबली. पिन परत लावली, परत सुरू. म्हणजे स्पीकर चांगला होता. मग त्यांची नजर वायरींवरून सरकत गेली. कम्प्युटर खिडकीजवळच्या बोर्डावर, स्पीकर पलीकडे फ्रिजच्या बोर्डावर. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की असा आवाज येतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले की संपलं. दोन मिनिटांचं काम.

मागे प्रवीण हळू आवाजात काहीतरी बोलला आणि सत्यशीला हसली.

"स्पीकर गेला," जानराव म्हणाले.

"गेला? विक्की आला होता तवा तर बरा होता."

"आतून जळला. नवाच घ्या लागते."

त्यांना वाटलं, आता प्रवीण उठेल, मोबाइल खिशात टाकेल आणि जय भीम करून निघेल. प्रवीण उठला. मोबाइल खिशात टाकला.

"काही टेन्शन नाही, दादा. माझ्या घरी मस्त स्पीकर हायेत. ताई, चाला मोहन नगरले. गाडीवर किती वेळ लागते? जेवाच्या टायमापर्यंत आणून सोडतो."

"आत्ता?" सत्यशीला म्हणाली. पण तिचा हात केसांकडे गेला होता. "थांबा मंग, दोन मिनिटं."

ती आत गेली. लोखंडी कपाटाचं दार वाजलं. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. रोजच्या साड्या खालीच असत. स्टूल लागायचं ते वरच्या कप्प्यासाठी.

जानराव झपकन गुडघ्यांवर बसले. फ्रिजच्या बोर्डातला प्लग त्यांनी उपसला, टेबलाखाली पडलेला विक्कीचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढून खिडकीजवळच्या बोर्डात खोचला आणि कम्प्युटर, स्पीकर दोन्ही त्यात लावले. बटण दाबलं. भुणभुण नव्हती.

"अरे वा, बनला का, दादा?"

कम्प्युटर चालू झाल्यावर प्रवीणनं गाणं लावलं.

सत्यशीलाचा आवाज खोलीत आला. जानराव तसेच खाली बसून राहिले. हा आवाज त्यांनी भाजीवाल्याशी भाव करताना ऐकला होता, विक्कीला रागावताना ऐकला होता, रोज दारातून हाक मारताना ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता. एका जागी तो वर चढला आणि थोडा थरथरला. आता खाली येतो की काय, म्हणून जानरावांनी श्वास धरून ठेवला. आवाज खाली आला नाही.

गाणं संपलं तरी रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यात प्रवीण विचारत होता, "ताई, इतके वर्षं कावून नाही गायल्या?"

मग तिचा आवाज, हसत हसत, "कोणी गा म्हणलंच नाही, भाऊ."

प्रवीणनं घाईनं माउस दाबला. सत्यशीला दारात उभी होती. हातात घडी न मोडलेली साडी. तिनं आधी स्पीकरकडे पाहिलं, मग एक्स्टेन्शन बोर्डाकडे, मग नवऱ्याच्या गुडघ्यांना लागलेल्या धुळीकडे.

"आतून जळला होता न?"

"नाही."

"तुमाले माहीत होतं."

"हो."

प्रवीण खिडकीबाहेर पाहू लागला.

सत्यशीला साडी खुर्चीच्या पाठीवर टाकून खाली बसली. "भाऊ, आता तालीम इथंच करू," ती नवऱ्याकडे मान वळवून म्हणाली. "यायलेही आयकू द्या."

जानराव टेबलाला धरून उठले. "चहा ठेवतो," एवढंच म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

त्यांनी गॅस पेटवला, पाणी ठेवलं. बाहेर गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. या वेळी रेकॉर्डिंगबरोबर तीही म्हणत होती. ओट्यावर एकसारखे सहा डबे होते. साखर कोणत्या डब्यात असते, ते जानरावांना माहीत नव्हतं.

त्यांनी पहिला डबा उघडला.