पाचच्या आत

गाडीत नऊ माणसं बसली होती आणि लतीफला अजून दोन हवी होती.

जाफराबादच्या स्टँडबाहेर त्याची काळीपिवळी जीप उभी होती. जालन्याचा रस्ता तो बावीस वर्षं मारत होता. बाळंतिणी नेल्या, परीक्षेची पोरं नेली. लतीफच्या गाडीत बसला तो वेळेवर उतरला, असं लोक म्हणत.

आज त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुस्लिम मुलींना पदवीपर्यंत शिकवणारा एक ट्रस्ट होता. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं तेच बघत. पण तालुक्यातून एकच मुलगी घेत. दोन महिने परीक्षा, मुलाखती आणि दाखले गोळा करण्यात गेले. यादी लागली तेव्हा पहिलं नाव कुठल्याशा खेड्यातल्या नाहिदचं निघालं. खाली प्रतीक्षा यादीत एकटी इरम. लतीफची लेक.

लतीफचा थोरला भाऊ इजहार यानं इरमसाठी मंठ्याचं स्थळ आणून ठेवलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकव, नाही तर शुक्रवारी मंगनी, असं त्यानं चार माणसांत वदवून घेतलं. लतीफनं मान हलवली होती. तेव्हापासून इरम ताटावर बसायची आणि भाकरी नुसती कुस्करत राहायची. तिची आई लालबी नमाजानंतर एकच दुवा मागायची, पण ती मोठ्यानं बोलायची तिला शरम वाटायची. ती नाहिद वेळेत पोचू नये, एवढीच.

आज शेवटचा दिवस होता. पहिल्या नंबरच्या मुलीनं पालकाला घेऊन ट्रस्टच्या जालन्याच्या ऑफिसात पाचच्या आत सहीला यायचं होतं. लतीफनं सकाळी फोन केला तर तिथला कारकून सोमेश्वर म्हणाला, ती अजून आली नाही, पाचपर्यंत काही सांगता येत नाही. ती आली नाही की जागा आपली, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं.

अडीच वाजता एक बुरखेवाली बाई आणि एक मुलगी मधल्या सीटवर येऊन बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर फाईल होती.

"नाहिद, कागदां रखी ना?" बाईनं विचारलं.

लतीफनं हातातली चावी परत खिशात टाकली.

बाई त्याला विनवायला लागली. सकाळची एसटी आलीच नाही, अर्धा दिवस रस्त्यावर गेला. गाडी जल्दी काढा, पाचच्या आत सही झाली नाही तर एका पोरीची जागा जाईल.

सीटा भरल्या की निघू, लतीफ म्हणाला.

प्रवाशांना हाका मारणारा भुजंग बोनेटवर थाप मारून म्हणाला, "लतीफभाई, तू तर नऊवर निघणारा माणूस. आज काय गाडी अंड्यांवर बसवली का?"

"दोघं येऊन राह्यले," लतीफ म्हणाला.

कोणीच येत नव्हतं.

सव्वातीनला गाडी हलली. टेंभुर्णीत थांबून त्यानं चारी चाकांची हवा तपासली. पुढं एका म्हाताऱ्याला पानतंबाखू घ्यायची होती, त्याच्यासाठी आपण होऊन थांबला. जालना दहा-बारा किलोमीटरवर आलं तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि बोनेट उघडलं. इंजिन तापलं, त्यानं सांगितलं. इंजिनाला काही झालं नव्हतं.

नाहिद खाली उतरली. तिनं आपली पाण्याची बाटली पुढं केली. हे ओता चाचा, आम्हाला तहान नाही, म्हणाली. बाटली घेताना लतीफनं तिच्याकडं बघितलं नाही. रेडिएटरचं झाकण काढून त्यानं ते पाणी आत ओतलं.

तेवढ्यात मागून कल्याण नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची जीप आली. दोन सीटा रिकाम्या आहेत, कोणाला घाई असली तर नेतो, असं तो काचेतून म्हणाला. बाई फाईल छातीशी धरून लगबगीनं पुढं निघाली.

"जा तू," लतीफ म्हणाला. "निघालोच आम्ही."

कल्याण गेला. धूळ खाली बसली. बाई मागं वळली आणि जागेवर जाऊन बसली. लतीफ मनात तोबा तोबा म्हणत राहिला आणि बोनेट त्यानं अजून वीस मिनिटं पाडलं नाही. आपल्या लेकराचं ताट वाढायचं तर दुसऱ्याच्या लेकराचं ओढावं लागतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही.

बाकीच्यांना स्टँडवर उतरवून त्यानं दोघींना ऑफिसच्या दारापर्यंत सोडलं. भाडं घेतलं नाही. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. नाहिद पळत आत गेली आणि चालत बाहेर आली. आईनं तिचं तोंड बघितलं आणि ती पायरीवर खाली बसली. बाईनं बुरख्याच्या टोकानं डोळे पुसले.

मागून सोमेश्वर कुलूप घेऊन आला.

लतीफला दोघींकडं पाहवेना. पण आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीत पुरता श्वास गेला. खिशातला मोबाईल त्यानं हातात घेतला. घरी सांगण्याआधी एकदा पक्कं विचारावं म्हणून तो पुढं झाला.

"मी इरमचा बाप," तो हळूच म्हणाला. "आता तर तिचंच नाव ना, साहेब?"

सोमेश्वरनं आधी त्याच्याकडं आणि मग पायरीवरच्या दोघींकडं बघितलं.

"या पोरीला सरकारी कॉलेजात बिनफीची जागा मिळाली, म्हणून ही तुमच्या इरमसाठी नाव सोडायला आल्ती," तो म्हणाला. "पाचच्या आत नकाराची सही पडली असती तर जागा तिला गेली असती. न्हाई पडली, म्हणून तालुक्याची जागाच रद्द झाली."