पहिला ग्लास

नविनशेठने नारळ फोडला आणि घोलवडच्या त्याच्या चिकूच्या शेडमध्ये पाण्याचा कूलर सुरू झाला. कूलरवर शेठच्या वडिलांचं नाव, नावावर झेंडूचा हार. बायका चिकू निवडायचं सोडून उभ्या राहिल्या.

"पहिला ग्लास शुक्रीचा," शेठ म्हणाला. "तिच्यासाठीच आणलाय."

खोटं नव्हतं ते. मागच्या महिन्यात शुक्री काम करता करता कोसळली होती. अंगात ताप, हुडहुडी, कमरेत कळ, आणि लघवीला बसली की नुसती आग. मुकादम म्हणाला, ऊन लागलं असेल. शेठने मात्र तिला स्वतःच्या गाडीत घालून डहाणूला नेलं. एवढं तरी कोण करतं? डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला लावली. जंतू किडनीपर्यंत चढलेत म्हणाल्या. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. पुन्हा पुन्हा असं होत राहिलं तर किडनी कायमची खराब होईल, असंही त्यांनी बजावलं. जाताना दोन गोष्टी सांगितल्या : पाणी भरपूर प्यायचं, आणि लघवी आली की तुंबवून ठेवायची नाही. शेठच्या कानात पहिली तेवढी शिरली.

शेडमध्ये संडास एकच. तो ऑफिसला लागून, व्यापाऱ्यांसाठी, आणि त्याला कुलूप. चिकू चोरीला जातात म्हणून वाडीत जागोजागी कॅमेरे लावलेले, फाटकाशी टेम्पोवाले पत्ते कुटत बसलेले. मग बायका जाणार कुठे, शेठच्या डोक्यावर? पाड्यावरून निघताना जाऊन यायचं, मग पुन्हा थेट संध्याकाळी घरी पोचल्यावरच. दिवसभर हात पाण्यात, चिकू धुवायचे, आणि घसा कोरडा ठेवायचा. सून पहिल्यांदा कामावर आली की सासू तिला आधी हेच शिकवायची. शुक्रीलाही तिच्या सासूने, हिराबाईने, तेच शिकवलं होतं.

हिराबाई आता तिच्या शेजारीच उभी होती. तिने पदराआडून सुनेचा हात दाबला. पिऊ नको.

शेठने ग्लास भरून पुढे केला. शेठाणी दक्षाबेनने फोटोसाठी मोबाइल धरला. शुक्रीला सकाळपासून तहान होती आणि त्या कमरेतल्या कळेची धास्तीही होती. तिने सासूच्या हातातून हात सोडवून घेतला आणि घटाघटा ग्लास संपवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेठला अगदी भरून आलं.

शुक्री जागची हलली नाही.

"शेठ, आता चावी पण द्या."

"कसली चावी?"

"संडासाची. आमाला पण लागतं."

टाळ्या थांबल्या. हिराबाईने मान खाली घातली. दक्षाबेनने मोबाइल खाली घेतला. शेठ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, निदान त्याला कळलंय असं तरी वाटलं असतं. तो हसला.

"अगं, व्यापारी लोक येतात तिथे. तुम्हाला चावी कशाला हवी? एवढी मोठी वाडी पडलीये."

मग त्याने बायकोला विचारलं, फोटो नीट आला का. फोटोत वडिलांचं नाव हाराखाली झाकलं गेलं होतं. शेठने हार वर सरकवला, ग्लास पुन्हा काठोकाठ भरला आणि शुक्रीच्या हातात दिला.