रेवतीचा बर्फ

हिमालयातल्या उतारावर बर्फ भुरभुरत होता. रेवतीने सवयीने फोन तिकडे वळवला.

"बघा!" कोकणातल्या घरातून अप्पा कुणाला तरी म्हणाले. "म्हणे पृथ्वी तापली! माझी लेक रोज बर्फात उभी असते."

"अप्पा, घरात कोण आलंय?"

"अर्धा गाव. आम्हाला हलवायला बोट आली होती, ती परत धाडली. आणि ही तुझी सानू, पाटावर बसून शिकरण खातेय."

सानूच्या पाटाखालून समुद्राचं पाणी वाहत होतं.

बर्फाचं गुपित फोडायला तिला नोकरी देणाऱ्या कंपनीची मनाई होती. पण रेवती घरीही बोलली नव्हती, ती बर्फ बघून सानू वाजवायची त्या टाळ्यांसाठी. तिने रिमोट काढून बटण दाबलं. ढगांतली यंत्रं थांबली, ऊन पडलं. पातळ बर्फाखालचे काळे दगड दिसू लागले.

"अप्पा, हा मी पाडते. इथला खरा बर्फ कधीच संपला, सानूने तो पाहिलेलाच नाही."

अप्पांचा चेहरा उतरला. मागून एक बाई ओरडली, "अहो, मग बोटवाल्याला फोन लावा की!"

"आई, चालू कर ना बर्फ," सानू रडायला लागली.

"नंतर हं, राणी. आधी आजोबांचा हात धर आणि माळ्यावर चढ."