पुन्हा सांगते

"माझ्या वर्गात पडदा लागणार नाही," इतिहासाचे सर म्हणाले.

शिक्षकांच्या खोलीत कुणी मान वर केली नाही. संगणकाच्या नव्या बाई मात्र हटायला तयार नव्हत्या. मुख्याध्यापिकांनी काम त्यांच्याच गळ्यात घातलं होतं: प्रत्येक वर्गात नवा डिजिटल पडदा, विकत आणलेले तयार धडे, आणि जुनं सगळं पुसून टाकायचं.

"सर, मुलं आवडीने बघतात."

"बघतात की. पण पोर कुठे अडलंय, ते पडद्याला दिसतं का?"

"गणिताच्या बाईंनी तर सगळे धडे पडद्यासाठी रेकॉर्ड केले होते. तुमच्या मिसेसच ना त्या?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं," म्हणाले आणि उठून गेले.

"कशाला काढलात तो विषय?" कप उचलता उचलता शिपाईमामा हळूच म्हणाले. "बाई गेल्या आणि सर पार मिटून गेले. पूर्वी दोघांच्या भांडणांनी ही खोली दणाणायची. भांडायचे कमी, हसायचे जास्त."

नव्या बाई ओशाळल्या.

"आणि वरच्या कोपऱ्यातल्या वर्गातला जुना पडदा आज राहू द्या," मामा म्हणाले.

"का?"

"राहू द्या, एवढंच."

पण काम अंगावर घेतलेलं होतं. शाळा सुटली, मैदान रिकामं झालं, तशा नव्या बाई वर निघाल्या. जिन्यातच आवाज कानावर आला.

"कागदाची घडी घातली. आता सांगा, अर्ध्याचं अर्धं म्हणजे किती?"

ठाम, हसरा आवाज. जुने धडे तपासताना नव्या बाईंनी तो आठवडाभर ऐकला होता. गणिताच्या बाईंचा.

मग कुणीतरी चाचरत उत्तर दिलं. अगदी बारीक, पोरासारखा आवाज.

"दोन?"

नव्या बाईंच्या अंगावर काटा आला. शाळेत या वेळी एकही मूल नव्हतं.

"समजलं नाही? पुन्हा सांगते," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"बघ, नीट ऐक." हा सरांचा आवाज होता. शाळेत कुणाशी बोलताना इतका मऊ कधी नसायचा.

नव्या बाई दाराशीच थबकल्या. सर स्वतःच पोराच्या आवाजात उत्तर देत होते की काय? माणूस दुःखाने असा भ्रमिष्ट होतो, हे त्यांनी ऐकलं होतं. धडे पुसायचे नाहीत, मुख्याध्यापिका काय म्हणायचं ते म्हणोत, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. तेवढं सांगावं म्हणून दार ढकललं.

पडद्याचा निळसर उजेड पहिल्या बाकावर पडला होता. सर घडी घातलेला कागद धरून बसले होते. शेजारी पिकल्या केसांची एक बाई त्या घडीवरून बोट फिरवत होती. पुन्हा पुन्हा, तल्लीन होऊन.

नव्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग बाकाकडे. मग परत पडद्याकडे. चेहरा तोच होता.

सरांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

बाकावरची बाई त्यांच्याकडे झुकली आणि परक्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "सर, या बाई फार छान शिकवतात हो. कोण आहेत?"